केरबा तरस आणि तळ्याचं फर्मान

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं, एक राजा होता आणि एक नट होता. तळं काहीच बोलायचं नाही. राजा क्वचित बोलायचा. नटाचं तोंड मात्र बंद होत नसे, म्हणून गोष्ट त्याची आहे.

नटाचं नाव केरबा. हा केरबा होता तरस, पण मुंगूसशेठच्या नाटक मंडळीत तो सिंहाचं काम करायचा. वाळक्या गवताची आयाळ मानेला बांधायची, पोकळ ओंडक्यात तोंड घालायचं आणि डरकाळी फोडायची. हरणं नाटकाला यायची तीसुद्धा पळायच्या तयारीने कडेला बसायची. खरे सिंह, म्हणजे महाराज, गुहेबाहेर फारसे पडत नसत. त्यामुळे जंगलातल्या बऱ्याच जणांनी सिंह पाहिला होता तो केरबाचाच.

आता यात एक घोटाळा होऊ शकतो, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो जंगलातल्या मोठ्यांच्याही लक्षात आला होता. म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. नाटक संपलं की सिंह झालेल्या नटाने सगळ्यांसमोर आयाळ उतरवायची, गुहेच्या दिशेने जमिनीला नाक टेकायचं आणि म्हणायचं, "महाराज, खेळ होता." मग प्रेक्षक उठायचे. आयाळ उतरली म्हणजे झालं ते नाटक. आयाळ न उतरवता जो बोलेल तो राजा, आणि बोलेल ते फर्मान. फार सोपा नियम होता. त्यात डोकं चालवावं लागत नसे, म्हणून तो सगळ्यांना आवडायचा.

एका उन्हाळ्यात महाराजांनी तळ्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. कारण असं सांगण्यात आलं की जनावरं पाणी प्यायला लागली की पाणी हलतं, आणि पाणी हललं की महाराजांचं प्रतिबिंब हलतं. राजाचं प्रतिबिंब हलणं राज्याला बरं नाही. ज्यांना तहान लागेल त्यांनी टेकडीपलीकडच्या नदीवर जावं. हत्तींना हा निर्णय पटला. ससे मात्र टेकडी चढेपर्यंत अर्धमेले व्हायचे, आणि त्यांची पिल्लं तर चढायचीच नाहीत.

याच सुमाराला केरबाचा जाहीर सत्कार झाला. केळीच्या पानाची शाल, वर नारळ. मुंगूसशेठ बोलले, माकडं बोलली, मग केरबा आभार मानायला उठला. आभार मानून बसला असता तर आपली गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्ही झोपायला गेला असता.

केरबा म्हणाला, "नारळ राहू द्या तुमच्याकडंच. नारळातलं पाणी एकट्याला पुरतं. तळ्यातलं सगळ्यांना पुरतंय, त्याला काटे का लावलेत तेवढं सांगा."

सभेत मागून कोणीतरी खुदकन हसलं, आणि सगळेच हसायला लागले. त्याला कारण होतं. तरसाचा आवाज तुम्ही ऐकला नसेल. तो पोटातून कळवळून बोलला तरी ऐकणाऱ्याला वाटतं, हा खिदळतोय. ओंडक्यातून बोलला की केरबा सिंह व्हायचा. स्वतःच्या गळ्यातून बोलला की विनोदी नट.

"तुमचा सिंह मला फार म्हणजे फार आवडतो हो," सभेनंतर एक सशीण त्याला म्हणाली. तिचं धाकटं पिल्लू तिच्या पाठीला मान टाकून चिकटलं होतं. "पण हे मतंबितं नका ना सांगत जाऊ. मजा जाते."

"सशीणबाई, तुमच्या पिल्लासाठीच बोललो मी."

"त्याला नका यात ओढू. लहान आहे ते."

पुढच्या नाटकात केरबाला सिंहाऐवजी सिंहाच्या काकाचं काम मिळालं. त्याच्या पुढच्यात झाडाचं. त्याच्याही पुढच्यात पडद्यामागच्या झाडाचं. तेव्हा मात्र तो मुंगूसशेठकडे गेला.

"शेठ, वरून काही आलंय का माझ्याबद्दल?"

"छे छे!" शेठ म्हणाले. "वरून काहीसुद्धा आलेलं नाही."

"मग?"

"तेच तर अवघड आहे ना, केरबा. काही आलं असतं तर तेवढंच पाळलं असतं. काहीच आलेलं नाही, तेव्हा सगळंच जपावं लागतं. तू घरी आराम कर. झाड मी दुसरं बघतो."

केरबा घरी बसला. आराम त्याला जमेना. आयुष्यभर दुसऱ्याची डरकाळी फोडली, निदान एकदा तरी स्वतःच्या तोंडाने काही सांगावं आणि ते कोणीतरी न हसता ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं. एवढंच म्हणतो खरा, पण नटाला याहून मोठं काही हवं असतं असं मला तरी वाटत नाही.

त्या जंगलात सिनेमासुद्धा होता. पळसाच्या पानांवर आकृत्या कोरायच्या, पानं ओळीने वेलीत ओवायची, आणि गुहेच्या छतातून उन्हाचा कवडसा येतो त्याच्यासमोरून ती वेल सरसर ओढायची. समोरच्या भिंतीवर चित्रं हलायला लागतात. मोठ्या कवडशाच्या गुहा अर्थातच मुंगूसशेठच्या होत्या. केरबाला मिळाली ती साळूमावशीची. साळूमावशी म्हणजे एक म्हातारी साळिंदर. तिच्या गुहेच्या छताला एक वेडीवाकडी भेग होती आणि तिच्या अंगावर कोरायला लागतील तेवढ्या सुया होत्या.

"मावशी, आपण स्वतंत्र सिनेमा काढायचा," केरबा म्हणाला.

"म्हंजी कसला रं?"

"म्हणजे आपल्याला कोण काही सांगायचं नाही."

"आनि बघायला कोन येनार?"

"ते मागनं बघू."

मावशीने पानं कोरली. सिनेमात एक कासव होतं. तळ्यातून हाकललेलं. ते वाळक्या चिखलातून चालत टेकडीकडे जातं. ते चालतं, चालतं आणि चालतच राहतं. वेल ओढून मावशीचे हात भरून यायचे, तरी कासव आपलं भिंतीच्या मध्यावरच. शेवटी केरबाचा स्वतःचा चेहरा यायचा आणि तो तळ्याबद्दल बोलायचा.

पहिल्या खेळाला फक्त बगळे आले. ते एका पायावर उभं राहून कासव बघत राहिले. त्यांना ते अतिशय आवडलं. "काहीच घडत नाही," ते एकमेकांना म्हणाले, "म्हणजे फार खोल आहे." केरबाचा चेहरा आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले, कारण त्यांच्या मते तिथे कलाकृती जरा उघड झाली होती. मग ते उडून नदीवर गेले. बगळ्यांना टेकडीची अडचण नसते.

"केरबा, कासव काप," साळूमावशी म्हणाली. "आनि तुझा सिंव्ह घाल. सिंव्ह हाय म्हटल्यावर समदं जंगल येतंय का न्हाई बघ."

"आयाळ मी सोडली, मावशी. आता बोलीन ते माझ्या तोंडानं."

"आरं, पर ऐकाय कोन तरी नगो का? बगळ्यास्नी सांगून तळं उघडतंय व्हय?"

मावशीचं खरं होतं आणि ते केरबाला अजिबात आवडलं नव्हतं. अखेर तो तयार झाला, पण दोन अटींवर. सिंह येईल, तळ्याबद्दल बोलेल, पण शेवटी आयाळ उतरवेल. आतून केरबाचा चेहरा निघेल, आणि तो म्हणेल की हे महाराजांनी बोलायला हवं होतं, ते एका तरसाला बोलावं लागतंय. त्या जागेसाठीच तर सगळा सिनेमा. दुसरी अट, कासव कापायचं नाही.

"त्येला काप रं बाबा. ऊन सरंल."

"आपण स्वतंत्र आहोत, मावशी. कासव पुरतं चालणार."

सिंह आहे म्हटल्यावर जंगल लोटलं. हरणं कडेला बसली. सशीण पिल्लांना घेऊन आली. धाकटं आता डोळेही उघडत नव्हतं, पण घरी ठेवायला कोणी नव्हतं. केरबा भिंतीआड ओंडका घेऊन बसला. मावशीने वेल ओढायला घेतली.

कासव निघालं. थोड्या वेळाने माकडं घोरायला लागली. एक रानडुक्कर उठून बाहेर गेलं, चरून आलं, आणि बसताना त्याने शेजाऱ्याला विचारलं, "काय झालं?" शेजारी म्हणाला, "अजून होतंय." मावशी आतून खुणा करत होती की कवडसा सरकतोय. केरबाने मान हलवली. कासव चालू द्या.

मग भिंतीवर सिंह उभा राहिला. आयाळ फुललेली, मान ताठ. माकडं जागी झाली. केरबाने ओंडक्यात तोंड घातलं आणि इतक्या वर्षांत कधी लागला नव्हता तसा त्याचा आवाज लागला.

"तळं कोणा एकाचं नाही. माझं प्रतिबिंब हललं तर हलू दे. ज्याला तहान लागली असेल त्याने यावं आणि प्यावं!"

आणि ऊन गेलं. कवडसा भिंतीवरून उतरला, सिंह अंधारात बुडाला आणि आयाळ उतरवायची पानं मावशीच्या हातात तशीच राहिली.

गुहेत क्षणभर कोणी हललं नाही. सगळे वाट बघत होते. आयाळ उतरेल, "महाराज, खेळ होता" असं ऐकू येईल, मग उठू. पण काहीच झालं नाही. तेव्हा सशीण ताडकन उठली.

"आयाळ उतरवली नाही!" ती ओरडली. "फर्मान आहे! तळं उघडलं!"

आणि सगळं जंगल तळ्याकडे धावलं. केरबा मागून ओरडत होता, "थांबा, अजून संपलं नाही! माझं राहिलंय!" पण आता तो स्वतःच्या आवाजात ओरडत होता. धावणाऱ्यांना वाटलं, केरबालासुद्धा आनंद झालेला दिसतोय.

तळ्यावर पहाऱ्याला रानकुत्री होती. त्यांनी दात दाखवले. "कुणाच्या हुकमानं आलात?"

"महाराजांच्या! आत्ता स्वतः बोलले. आयाळ होती!"

"उतरवली नाही?"

"नाही!"

रानकुत्र्यांचा नाईक विचारात पडला. एवढ्यात धापा टाकत केरबा पोचला. त्याच्या हातात मावशीकडून ओढून आणलेली शेवटची पानं होती, त्याच्या स्वतःच्या चेहऱ्याची.

"हा बघा नाटकातला," नाईक म्हणाला. "याला विचारू. काय रे केरबा, खेळ होता की फर्मान?"

सगळी जनावरं वळून त्याच्याकडे बघायला लागली. कोणी हसत नव्हतं. मुलांनो, याचीच तर तो जन्मभर वाट बघत होता. सगळं जंगल कान टवकारून उभं होतं आणि त्याने फक्त तोंड उघडायचं होतं. हे माझं आहे, एवढं म्हटलं की पुरे. मग सगळ्यांना कळलं असतं की हे धाडस कोणाचं. आणि काटे जिथे होते तिथेच राहिले असते.

सशिणीच्या पाठीवरून धाकटं पिल्लू घसरून खाली आलं होतं. ते कुंपणाच्या काट्यांना नाक लावून पडलं होतं. त्याला पाण्याचा वास येत होता.

केरबाने पानं तोंडात घातली आणि चावून गिळून टाकली.

"मला काय माहीत?" तो म्हणाला. "मी भिंतीच्या मागं होतो."

नाईकाने काटे बाजूला ओढले.

इकडे गुहेत महाराजांची झोपमोड झाली. प्रधान गिधाड धावत आलं आणि त्याने सगळा प्रकार सांगितला.

"मी असं म्हणालो?" महाराजांनी विचारलं.

"सगळी प्रजा म्हणतेय, महाराज. आणि पाणी पिऊन आपला जयजयकार करतेय. फर्मान मागे घेतलं तर जयजयकारही मागे घ्यावा लागेल."

महाराजांनी थोडा विचार केला. "मग मी म्हणालोच असेन," ते म्हणाले. "मी फार दयाळू आहे."

दुसऱ्या दिवसापासून मुंगूसशेठच्या मंडळीत नवं नाटक लागलं. राजा प्रजेला तळं देतो. सिंहाच्या कामाला एक रानबोका घेतला. शेवटी आयाळ उतरवताना तो रडायचा, आणि प्रेक्षकही रडायचे. मग कोणालातरी केरबाच्या सत्कारातलं भाषण आठवलं. एवढ्या दयाळू राजाबद्दल हा तरस नको ते बोलला होता! माकडांनी निषेधाची सभा घेतली. केरबाच्या घरावर शेण फेकण्यात आलं. साळूमावशी भडकली. "मी सांगते जाऊन समद्यास्नी, कोन बोललं ते!" ती म्हणाली. केरबाने तिचे पाय धरले. खरं कळलं की काटे परत यायला वेळ लागणार नव्हता. मावशी रडली, त्याला शिव्या घातल्या आणि गप्प बसली.

एकदा केरबा तळ्यावर पाणी प्यायला गेला. शेजारी सशीण होती. तिचं धाकटं पिल्लू पोटापर्यंत पाण्यात उतरून उड्या मारत होतं. पाणी सगळीकडे हलत होतं.

"लाज नाही वाटली इथे यायला?" सशीण म्हणाली. "ज्यांना नावं ठेवलीत त्यांचंच पाणी पिताय."

"चुकलं माझं, सशीणबाई."

सशीण मनाने वाईट नव्हती. माफी ऐकून तिला बरं वाटलं. "जाऊ दे, प्या," ती म्हणाली. "त्या दिवशी होतात ना तुम्ही तिथे? ऐकलंत ना, कसे बोलले महाराज?"

"ऐकलं."

"मग? कसं वाटलं?"

केरबा पिल्लाकडे बघत होता. "चांगलं बोलले," तो म्हणाला. "आधी जरा लांबलं. पण चांगलं बोलले."

सशिणीने नाक मुरडलं. "तुम्हा नटांचं हेच," ती म्हणाली. "दुसऱ्याचं मोकळ्या मनाने कौतुक करणं म्हणून जमायचं नाही."

तात्पर्य : मुलांनो, कंटाळवाणा सिनेमा काढणाऱ्याला कधी हसू नये. केरबाने मावशीचं ऐकून कासव कापलं असतं, तर उन्हात खरं काय ते सगळ्यांना दिसलं असतं आणि ससे आजही टेकडी चढत असते. जंगलाचं जे काही भलं व्हायचं ते खरं दिसायच्या आत ऊन गेल्यामुळे होतं. तेव्हा मोठेपणी तुम्हाला काही ठाम मतं सुचलीच, तर ती राजाच्या नावावर खपवावीत, आणि आपली म्हणून एक मनापासूनची माफी तयार ठेवावी.