गुलाबरावांचा काटा आणि निळ्याचं वजन

गुलाबराव राम राम करायच्या आधी माणसाचं वजन सांगतात. "वहिनी, बासष्ट!" असं रोज सकाळी मला फाटकातून ऐकू येतं. मी म्हणते, "साठ." ते म्हणतात, "चप्पल काढून साठ." आणि ते खरं निघतं, हाच तर त्रास आहे.

आंजीच्या रस्त्यावर त्यांचा धरमकाटा आहे. कापसाच्या, सोयाबीनच्या गाड्या त्यावर चढतात. आधी रिकामी गाडी मोजायची, मग भरलेली. फरक तेवढा माल. तीस वर्षं हेच केल्यामुळे या माणसाला जगात दुसरं काही दिसत नाही. माझ्या पुतण्याच्या लग्नात अक्षता टाकताना कानाशी म्हणाले, "नवरदेव हारासकट अठ्ठेचाळीस, नवरी सत्तर. उचलून घ्याचा फोटो नका काढू म्हना." फोटोवाल्यानं काढलाच. नवरदेव महिनाभर कंबर धरून हिंडत होता.

असा माणूस पिक्चरला नेऊ नये. त्यातून यंत्रमानवांच्या मारामारीचा असेल तर मुळीच नेऊ नये. "हा लोखंडी बुवा कमीत कमी चाळीस टन," ते टॉकीजमध्ये मोठ्यानं सांगतात. "पुलावरून पळून राह्यला, अन् पुलाले काईच होऊन नाई राह्यलं! आपल्या इथं बारा टनाचा ट्रक गेला तं गिट्टी उडते." शेवटी निकाल ठरलेला असतो, "वजन नाई त्यात." पुढाऱ्याच्या भाषणावर हाच निकाल, माझ्या चटणीवरही हाच.

माझी नात पूजा सावंगीला नर्सिंग शिकते. एक दिवस तिनं मोबाइलवर त्यांना नव्या पिक्चरची झलक दाखवली. तीन वर्षांपूर्वी आम्ही पाहिलेल्या लोखंडी लोकांच्या पिक्चरचा तो दुसरा भाग होता.

"पाय पाह्य त्याचा. जमिनीले टेकूनच नाई राह्यला. समदा कॉम्प्युटरचा खेळ."

"आजोबा, हा पहिल्यापेक्षा मोठा आहे."

"मोठा म्हंजे काय? पहिल्यात एक शहर पाडलं, यात दोन पाडतीन."

मग त्यांनी काट्याच्या पावतीमागं पेन्सिलीनं लिहूनच काढलं. आभाळाले भोक पडन. हिरो धमाक्याकडं पाठ करून चालन, मान वळवनार नाई. चष्मेवाला म्हनन का दहाच मिनिटं उरले, अन् ते दहा मिनिटं पाऊन तास चालतीन. सगळ्यात खाली लिहिलं, 'निळ्या वापस येनार नाई.' त्याखाली दोन रेघा मारल्या.

निळ्या म्हणजे पहिल्या भागातला निळा यंत्रमानव. हे नाव ठेवलं गुलाबरावांच्या बायकोनं, शकुननं. पिक्चरच्या शेवटी तो शहर वाचवायला समुद्रात बुडतो. शकुन पदरात तोंड घालून रडली होती.

"लोखंड हाय ते! लोखंडाले कोनी रडते का?"

"येईन तो वापस. दुसऱ्या भागात येईन."

"चाळीस टन बुडलं. वर येत नसते."

वर्ध्याहून घरी येताना जीपमध्येच पैज लागली. मी साक्षीला होते. निळ्या आला नाही, तर शकुननं जन्मभर टीव्हीवरच्या मालिका बघायच्या नाहीत. आला, तर गुलाबरावांनी स्वतःच्या हातानं सांबारवडी करायची. सांबार म्हणजे आमची कोथिंबीर. तिचं सारण पारीत भरून तळायचं, पुडी फुटू द्यायची नाही. ज्या माणसानं कधी चहाचं आधण ठेवलं नव्हतं, त्यानं हे करायचं.

पुढच्या वर्षी शकुन गेली. तीन दिवस ताप आला आणि गेली. आदल्या संध्याकाळपर्यंत मालिका बघत होती.

मी गुलाबरावांना म्हटलं, "भाऊजी, पैज सुटली आता. समोरचं माणूसच नाई."

त्यांना राग आला. "रिकामी गाडी मोजली का अर्धी पावती मी ठेवून घेतो, वहिनी. भरून येईपावतर फेकत नाई."

दुसरा भाग वर्ध्याला लागला, तशी रविवारी दुपारच्या खेळाला आम्ही तिघं निघालो. निघताना त्यांनी जीप आमच्यासकट काट्यावर चढवली. "येतानी पुन्हा मोजू. पिच्चरमधी काई असलं तं तेवढं भरन." पूजा हसून हसून लोळायची बाकी होती. मी म्हटलं, "आधी चालवा, खेळ सुरू होईल."

पिक्चर भंगार होता. पावतीवरचं एकेक खरं होत गेलं आणि गुलाबराव एकेक जाहीर करत गेले. "पडलं भोक!" पुढच्या रांगेतले आधी चिडले, मग मागं वळून विचारू लागले, "काका, आता काय होईन?" चष्मेवाल्यानं दहा मिनिटं म्हटल्यावर एकानं घड्याळ लावलं. सत्तेचाळीस मिनिटं निघाली. अर्धी टॉकीज टाळ्या वाजवत होती, पिक्चरसाठी नव्हे, गुलाबरावांसाठी.

मग समुद्र दिसला. पाण्यावर बुडबुडे आले. गुलाबरावांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

निळा हात वर आला.

तीन वर्षं खाऱ्या पाण्यात राहून त्याच्यावर गंजाचा ठिपका नव्हता. मी हेच बोलणार, तेवढ्यात अडुसष्ट वर्षांचा हा माणूस खुर्चीवर उभा राहिला आणि तोंडात दोन बोटं घालून त्यानं शिट्टी मारली.

"बसा ना काका!" मागून कोणीतरी ओरडलं.

"बसत नाई! आला ना बे तो! आला!"

परतताना जीप काट्यासमोरून सरळ पुढं गेली.

"भाऊजी, मोजायचं होतं ना?"

"राहू द्या, वहिनी," असं म्हणून त्यांनी नाक ओढलं. टॉकीजमध्ये गारवा फार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते डबा घेऊन आले. दोन बोटं भाजलेली, शर्टावर बेसन. मी एक वडी खाल्ली. ते समोर उभे राहिले, बसले नाहीत.

"कशी झाली?"

"फुटली. तिखट जाळ आहे. मीठ घालायचं विसरलात."

"शकुन काय म्हनली असती?"

"हेच म्हणाली असती. वर तुम्हाला स्वयंपाकघरातून हाकललं असतं."

त्यांचा चेहरा असा फुलला की मला पाहवेना.

"मंग बराबर जमली," ते म्हणाले, आणि दुसरी वडी माझ्या ताटात टाकली. "खा, वहिनी. एकसष्टच भरून राह्यल्या तुमी आज."