आपल्याकडे, म्हणजे ओहायोत

डॉक्टर घैसास ‘आपल्याकडे’ म्हणाले, की ते कोणत्या देशाबद्दल बोलताहेत हे आधी विचारून घ्यावं लागे. मला हे ठाऊक नव्हतं. इंग्लंडात लीड्समधल्या त्यांच्या घरातली वरची मागची खोली भाड्याने मिळेल असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मी पहिल्यांदा गेलो. त्यांनी मला सोफ्यावर बसवलं. नाव नाही, गाव नाही, एकदम सुस्कारा सोडून म्हणाले, “आपल्याकडे परिस्थिती बिकट आहे बघ. छोट्या दुकानदाराला सुखाने जगू देत नाहीत.”

माझ्या वडिलांचं पाचोऱ्याला सायकल दुरुस्तीचं दुकान. परक्या देशात पहिल्याच भेटीत कुणी छोट्या दुकानदाराची आठवण काढावी, मला अगदी भरून आलं. मी म्हणालो, “हो ना काका. आमच्या दुकानासमोर तर गटार खणून ठेवलंय. गिऱ्हाईक येणार कुठून?”

डॉक्टर ताठ बसले. “गटार? ओहायोत कुठे?”

“पाचोऱ्याला.”

“मी ओहायोबद्दल बोलतोय,” ते म्हणाले. पाचोरा हा ओहायोतला एखादा मागास तालुका असावा, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आतून उषाकाकूंचा आवाज आला, “अहो, त्याला आधी पाणी तरी द्या. मग न्या ओहायोला.”

खोली मला मिळाली. दोन हजारच्या दशकातली काही वर्षं मी त्या घरात काढली. एका बँकेच्या सॉफ्टवेअरच्या कामावर मी लीड्सला गेलो होतो. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला. आज मी पुण्यात स्वतःच्या घरात बसून हे लिहितोय, पण घर म्हटलं की अजूनही त्या जिन्याखालचा फोन आणि फोडणीचा वास आठवतो.

डॉक्टर घैसासांनी अमेरिकेत कधी पाऊल टाकलं नव्हतं. पुण्याहून तरुणपणी ते थेट लीड्सला आले आणि निवृत्त होईपर्यंत सरकारी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. काकू म्हणत, “यांना औषध लागायचंच नाही. हे टॅक्सवर बोलायला लागले की पेशंट आपोआप झोपायचा.”

अमेरिकेतल्या दोन मोठ्या पक्षांची नावं ते घेत नसत. एकाची खूण हत्ती, दुसऱ्याची गाढव, एवढं त्यांना पुरे होतं. डॉक्टर हत्तीचे. मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी मुद्दाम विचारायचंच, “काय डॉक्टर, तुमच्या हत्तीची सोंड डावी की उजवी?”

“उजवीच! आपला हत्ती कायम उजवा.”

संध्याकाळी पाच वाजले, की ते कॉम्प्युटरवर तिकडचा रेडिओ लावत. त्यावर एक घोगऱ्या आवाजाचा गृहस्थ सरकारच्या नावाने तास तास बोटं मोडायचा, आणि डॉक्टर “करेक्ट! अगदी करेक्ट!” म्हणून टेबलावर थाप मारायचे. मग जेवताना आम्हाला त्याचं सार मिळे. “सरकारने दोनच कामं करावीत. रस्ते बांधावेत, आणि त्याच रस्त्याने निघून जावं.”

“पण काका, तुमचं पेन्शन सरकारच देतं ना?” मी एकदा भीत भीत विचारलं.

“ते इकडचं सरकार. मी आपल्याकडचं बोलतोय.”

आणि गुरुवारी कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, कचऱ्याची गाडी जरा उशिरा आली, की हाच माणूस खिडकीत उभा राहून चडफडायचा. काकू शांतपणे म्हणायच्या, “सरकार बाजूला झालंय वाटतं. आता कचऱ्याचा डबा तुम्हीच न्या ढकलत.”

डॉक्टरांचं दुसरं वेड मराठीतल्या लिंगांचं. मंडळातली तिथेच जन्मलेली मुलं गोड बोलत, पण ‘माझी बूट’ आणि ‘तुझा पिशवी’ असं. डॉक्टर कुणाला रागवत नसत. बोलणं न थांबवता नुसतं योग्य सर्वनाम मध्ये सरकवून देत. “तो बूट.” “ती पिशवी.” एकदा एक चिमुरडी म्हणाली, “काका, ही मोदक छान आहे.” डॉक्टर म्हणाले, “तो मोदक.” तिने ताटात पाहिलं, म्हणाली “ओके,” आणि तोही उचलला.

टॅक्सचं लिंग कोणतं, हे मी त्यांना विचारलं होतं. “पुल्लिंगी. म्हणून तर एवढा माजलाय.”

मलाही त्यांनी सुधारलं. मी मराठी शाळेत शिकलेला. समोर माणूस असला की इंग्रजी कसंबसं बोलायचो, पण फोनवर माझी बोबडी वळे. ऑफिसात फोन वाजला की मला तहान लागायची. डॉक्टरांच्या हे लक्षात आलं. त्यांनी मला कौन्सिलला फोन करायला बसवलं, कचऱ्याच्या तक्रारीसाठी. “चूक झाली तर होऊ दे. फोनवर गप्प मात्र बसायचं नाही. गप्प बसलं की समोरचा फोन ठेवतो.” हे ते इतक्या कळकळीने का सांगताहेत, याचा मी तेव्हा विचार केला नाही.

जिन्याच्या भिंतीवर त्यांच्या मुलीचे, अनघाचे फोटो होते. दुधाचे दात पडलेली अनघा, शाळेच्या टायमधली अनघा, पदवीच्या झग्यातली अनघा. तिथे भिंत संपत नव्हती, फोटो संपत होते. काकूंनी एकदा पापड भाजता भाजता सांगितलं.

“अमेरिकेला शिकायला गेली. तिथल्याच मुलाशी, डगशी लग्न केलं आणि मग आम्हाला कळवलं. हे फोनवर ओरडले, ‘पुन्हा माझ्याशी बोलू नकोस.’ ती यांचीच मुलगी. नाही बोलली. आता तिची लीला शाळेत जायला लागली, तरी दोघं हटून बसलेत.”

“पण काका तर दर रविवारी ओहायोला फोन करतात.”

“तो जावयाला!” काकूंनी पापड उलटला. “लग्नानंतरची पहिली दिवाळी आली तसे हे घरभर येरझाऱ्या घालायला लागले. म्हणाले, मुलीशी माझा संबंध नाही, पण जावयाचा मान वेगळा. दिवाळसण आहे, फोन करायलाच हवा. आणि केला. ‘इज डगराव देअर?’”

डगरावांचं एका छोट्या गावात खिळे, रंग आणि गवत कापायच्या यंत्रांचं दुकान होतं. सासऱ्याशी काय बोलावं हे त्या बिचाऱ्याला कळेना. थंडी आहे, इकडेही आहे, एवढ्यावर पहिला फोन आटोपला. दुसऱ्या वेळी डगरावांनी टॅक्सचा विषय काढला आणि ते चांगले रंगात आले. आठवड्याभरात डॉक्टरांनी तिकडचा रेडिओ शोधून काढला. दिवाळसण तेव्हापासून दर रविवारी चालू होता.

काकू स्वतः अनघाशी बुधवारी बोलत, डॉक्टर लायब्ररीत गेलेले असताना. डॉक्टर दर बुधवारी न चुकता लायब्ररीत जात आणि तिथून कधीही पुस्तक आणत नसत.

रविवारी संध्याकाळचा तो फोन म्हणजे घरात पूजा असावी तसा प्रकार. ओहायोत तेव्हा दुपारची जेवणं उरकत आलेली असत. डॉक्टर जिन्याखालच्या स्टुलावर बसत, रिसीव्हर कानात खुपसून आणि डोळे मिटून. मधूनच “क्वाइट राइट, डगराव” म्हणत. त्या वेळात टीव्ही बंद, नळ बंद. काकूंना कुकरची शिट्टीही होऊ द्यायची परवानगी नव्हती. फोन होईपर्यंत त्या गॅस बंद करून ठेवत. मला वाटे, केवढी ही राजकारणाची ओढ!

मग एका शरद ऋतूत, तिकडे निवडणूक तोंडावर आलेली असताना, घैसासांचा घसा बसला. पार बसला. ओठ हलायचे आणि नुसती हवा बाहेर यायची. रेडिओवाल्याला ‘करेक्ट’ म्हणता येईना म्हणून ते नुसतेच टेबलावर थापा मारत.

रविवार उजाडला. संध्याकाळ झाली तसे ते माझ्या दारात येऊन उभे राहिले आणि फोनकडे बोट करून खुसपुसले, “तू बोल.”

“मी? डगरावांशी?”

“बोलत ठेव. काहीही कर.”

काकू खालून म्हणाल्या, “एक रविवार हत्ती उपाशी राहिला तर मरणार नाही हो.” पण मग त्यांनी डॉक्टरांचा चेहरा पाहिला. काकूंचा आवाज बदलला. “बोल रे बाबा. त्यांच्यासाठी नको, माझ्यासाठी बोल.”

मी खाली जाऊन नंबर लावला आणि फोनचा स्पीकर चालू केला. डॉक्टर शेजारी जिन्याच्या पायरीवर टेकले. पलीकडून भरघोस आवाज आला, “हे डॉक!”

मी कोण ते सांगितलं. डॉक्टरांनी मला बोलायला सांगितलंय, एवढंच म्हणालो. आणि फोनची वायर बोटाला गुंडाळत बसलो. डॉक्टरांनी माझ्या दंडाला चिमटा काढला.

“टॅक्स इज टू हाय,” मी म्हणालो.

डगराव मनापासून सहमत झाले. थोडा वेळ बोलले आणि थांबले. मला जेवतानाचं सार आठवलं. मी म्हणालो, “गव्हर्नमेंट शुड बिल्ड रोड, अँड गो अवे ऑन इट.”

डगराव खदखदून हसले. त्या हसण्यामागून ताटल्यांचा आवाज आला. कुणीतरी भांडी विसळत होतं. डॉक्टरांचा हात झटकन वर झाला. माझं काही चुकलं असं वाटून मी गप्प झालो, तर त्यांनी बोट गोल गोल फिरवलं. चालू ठेव.

“हाउ इज शॉप?” मी विचारलं.

ते मात्र बरोबर लागलं. गावाबाहेर एक अवाढव्य दुकान उघडलं होतं, तिथे सगळं स्वस्त मिळत होतं, आणि डगरावांची जुनी गिऱ्हाइकं गाडी तिकडे वळवत होती. ते सांगत राहिले. मागे नळ वाहत होता. मग दुरून एका बाईचा आवाज आला, ठसठशीत, घाईतला.

“लीला, हात धुतली का?”

शेजारी डॉक्टरांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. आवाज नव्हताच. पण मला ओठांवरून शब्द वाचता आला. ‘धुतलेस का.’

इतके रविवार हा माणूस टॅक्स ऐकतच नव्हता. टॅक्सच्या मागचा नळ, ताटल्या आणि ती चुकणारी मराठी ऐकत होता. कुकरची शिट्टी त्यांना का नको होती, ते मला तेव्हा कळलं.

डगरावांनी दुकानाचं आटोपतं घेतलं. “पण डॉक कुठे आहे? एवढा गप्प?”

खोटं मला सुचलं नाही. “ही लॉस्ट हिज व्हॉइस, सर.”

डगरावांनी तिकडे वळून हाक मारली. तुझ्या वडिलांचा आवाज गेलाय म्हणे. ताटल्यांचा आवाज थांबला. नळ बंद झाला. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर झाली.

“हॅलो? कोण तुम्ही?”

“मी... मी वरच्या खोलीत राहतो.”

“आई ठीक आहे ना? बाबांची घसा कधीपासून बसली? टेम्परेचर आहे का?”

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हातांनी जिन्याचा कठडा धरला होता. तोंड उघडत होतं, मिटत होतं. आयुष्यभर बोललेला माणूस, आणि नेमका आज त्याला आवाज नव्हता. काकू डाव हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

“हॅलो?” अनघा म्हणाली. “ऐकताय ना? बाबांची घसा...”

“तो,” डॉक्टर म्हणाले. गंजलेली बिजागरी करकरावी तसा आवाज.

त्यांनी खाकरून पुन्हा जोर लावला.

“तो घसा.”

मला वाटलं, आता ती फोन ठेवणार. मग एक हसू आलं, मध्येच तुटलेलं. “ओके बाबा. तो घसा. तो घसा बसला. मिठाच्या गुळण्या केली का?”

“केल्यात का,” डॉक्टर खरखरले.

“अहो!” काकूंनी डाव उगारला. “आता तरी तिला बोलू द्या!”

मी स्पीकर बंद केला, रिसीव्हर त्यांच्या हातात दिला आणि काकूंच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. काकू माझ्याकडे पाठ करून ओटा पुसत होत्या. स्वच्छ होता, तरी पुसत होत्या. बाहेरून डॉक्टरांची खुसपुस येत होती. हं. हं. कोणत्या वर्गात? हं. आणि मग एकदम फुटक्या आवाजात, “काय? मत? गाढवाला?”

काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि हसल्या. “झालं. लागलं भांडण.”

थांबवून ठेवलेला कुकर शेगडीवर तसाच होता. मी सवयीने म्हणालो, “काकू, फोन होईपर्यंत राहू द्या.”

त्यांनी काडी ओढली आणि गॅस पेटवला.

“होऊ दे रे शिट्टी,” त्या म्हणाल्या. “आता होऊ दे.”