आवतण घेतलेला बैल

ज्याचे आभार मानायचे तो समारंभाला हजर असल्यास शोभा येते. पोळा याच तत्त्वावर सुरू झाला. वर्षभर राबणाऱ्या बैलाच्या मानेवर त्या दिवशी जू ठेवायचे नाही, गोडधोड घालायचे आणि स्वस्थ बसू द्यायचे, एवढाच मूळ उद्देश.

शेळगावच्या अलीकडे आमची वाडी. सत्त्याण्णव साली वाडीत ट्रॅक्टर भरपूर होते आणि बैल एकच, प्रयागबाईंचा हरण्या. जोडीदार मेल्यापासून त्याला काम नव्हते. (अशा एकट्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक मिळते, पण ते शेतकरी नसते. म्हणून प्रयागबाईंनी विकला नाही.) त्या वैरण मागायला गेल्या, तर उसाचे वाढेही लोक विचार करून देत.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाला 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' असे सांगायची प्रथा आहे. उत्सव समितीचे अध्यक्ष सर्जेराव तात्या यांनी हरण्या सर्वांचा असल्याचे जाहीर केले. साऱ्या वाडीने त्याच्याच कानात आवतण दिले. (बैलाने नकार दिल्याची नोंद नाही.)

सणादिवशी शाळा बंद, सोसायटी बंद. हरण्या मात्र सकाळपासून कामावर होता. सोसायटीच्या निवडणुकीतल्या एका पॅनेलचा रंग एका शिंगाला, दुसऱ्या पॅनेलचा दुसऱ्याला. दारोदार ओवाळणी, फोटो, पुरणपोळी. तात्यांच्या भावकीतल्या बिरूच्या दारात त्याने तोंड फिरवले. हा भावकीचा अपमान ठरून पोळी तोंडात कोंबण्यात आली.

दुपारी मारुतीपुढे हरण्या खाली बसला. पोट टम्म फुगलेले, डोळे पांढरे. समितीने जागेवरच बैठक घेतली आणि त्याला ट्रॉलीत घालून उरलेली घरे उरकावीत, असे ठरवले.

तेवढ्यात प्रयागबाई धावत आल्या. त्यांनी आधी बाशिंग सोडले, मग हिंग कालवलेले तेल नळीने त्याच्या घशात ओतले आणि पोट चोळू लागल्या. खालच्या आळीत बायका ताटे घेऊन उभ्या असल्याचे तात्यांनी त्यांना समजावून सांगितले.

"तात्या, सण त्येचा हाय," प्रयागबाई म्हणाल्या. "त्येला बसू द्या."

"मग लोकांनी पुजायचं कुणाला?"

त्या चोळत राहिल्या. दिवस मावळताना हरण्याने रवंथ सुरू केला, तेव्हा त्याच्या मानेवर डोके टेकून त्या रडल्या. समिती तोवर पांगली होती.

पुढच्या वर्षी समितीने भिगवणच्या बाजारातून मातीचे बैल आणले. मातीचा बैल फुगत नाही, वैरण मागत नाही आणि फोटोत हलत नाही. हरण्या गोठ्यात दिवसभर बसून होता. त्याच्याकडे कुणी फिरकले नाही. शास्त्रोक्त पोळा त्या वर्षी तेवढाच एक झाला.

मातीचा बैल आपल्याही घरी असेलच, टीव्हीवर ठेवलेला. खरा शेवटचा कधी पाहिला, हे आठवत बसू नये. सुट्टी वाया जाईल.