मधल्या अंगणातली वेताची खुर्ची

“कागदावर बाक काढायच्या आधी तिथे खुर्ची टाकून बसायचं. चांगलं ऐसपैस बसायचं. ऊन कुठून येतं, वारा कुठे अडतो, माणूस कुणाकडे मान वळवतो, हे पेन्सिलीला कळत नाही, पाठीला कळतं.”

कॉलेजातल्या बाईंचं हे सांगणं आर्किटेक्ट सुनेनं इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. आज ते अमलात आणायचा दिवस उजाडला, आणि नेमकी घरात खुर्ची सापडेना.

म्हणजे खुर्च्या होत्या. पण जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या एवढ्या जड, की एक खाली न्यायची तर नवऱ्याला रजा घ्यावी लागली असती. कामाच्या खुर्चीला चाकं; ती बसणाऱ्याला घेऊन स्वतःच अंगणभर हिंडली असती. उरली एकच. वेताची, हातांची, वयस्कर माणसाला सहज उठता-बसता येईल अशा उंचीची. अगदी हवी तशी. फक्त ती सासूबाईंची जपाची खुर्ची होती.

“आई, तुमची खुर्ची खाली नेऊ? थोडा वेळ.”

सासूबाई भाजी निवडत होत्या. “ने की. पण दिवेलागणीच्या आत परत हवी हो. दुसऱ्या कशावर बसले की सगळं लक्ष कमरेकडे, आणि देव बिचारा ताटकळत.”

“दिवेलागणीच्या आत परत. शब्द दिला.”

सासूबाईंचा नेम साधाच होता, पण पक्का. रोज दिवेलागणीला माळ हातात घ्यायची आणि ती पूर्ण होईपर्यंत अवाक्षर बोलायचं नाही. तापात नेम मोडला नव्हता, घराला रंग लागत असताना मोडला नव्हता. सोसायटीच्या चारही इमारतींना तो ठाऊक होता. त्या वेळी त्यांच्या दाराची घंटा कुणी वाजवत नसे, आणि वरच्या मजल्यावरचा मिक्सरसुद्धा थांबत असे.

या चार इमारतींच्या मधोमध एक चौकोनी अंगण होतं. तिथे एक जुनं झाड, बंद पडलेल्या स्कूटर आणि कुणाच्या तरी न्हाणीघरातून निवृत्त झालेला टब एवढंच राहायचं. नगरपालिकेनं टूम काढली होती, की शहरातली अशी कोंडलेली अंगणं दिवसा सगळ्यांसाठी खुली करावीत. रस्त्यावरून येणाऱ्याला घडीभर सावली मिळावी, राहणाऱ्यांना शेजार मिळावा. या अंगणाचा आराखडा सुनेकडे आला होता. तिचं स्वतःचं असं हे पहिलंच काम. दोन वर्षं ती त्याच्यामागे होती, आणि आता सगळं आजच्या एका दिवसावर येऊन ठेपलं होतं. आज फाटक उघडं ठेवून बघायचं; संध्याकाळी पालिकेच्या बाई यंत्र घेऊन येणार, आवाज मोजणार. गोंगाट झाला, तर फाटकाला कुलूप आणि आराखड्याची सुरळी.

ही अट सेक्रेटरीकाकांनी घातली होती. फाटकाची किल्ली त्यांच्याकडे असे, आणि ती ते घड्याळासारखी खिशात बाळगत. सभेत ते टेबलावर हात आपटून म्हणाले होते, “फाटक उघडं आणि संध्याकाळी अंगण शांत? असं झालं ना, तर रोज सकाळी ते फाटक मी उघडीन. स्वतःच्या हातानं! लिहून घ्या!” कुणी लिहून घेतलं नाही, पण ऐकलं सगळ्यांनी.

सुनेनं झाडाखाली खडूनं फुली मारली, वेताची खुर्ची ठेवली आणि बसली. ऊन पायांशी येऊन थांबलं. वारा बेताचा होता. पाठीला कळायला नुकती सुरुवात झाली, तोच फोन वाजला. बाकांच्या लाकडाचे नमुने घेऊन येणारा टेंपो दुसऱ्याच रस्त्याला लागला होता. खुर्ची तशीच ठेवून ती धावली.

ती गेली आणि तळमजल्यावरच्या मावशींनी खिडकीतून बघितलं. खडूची फुली, फुलीवर खुर्ची. मावशींना अर्धं कळलं तरी पुरतं. बाकीचं त्या पदरचं घालतात.

“अहो, ऐकलंत का?” त्या जिन्यातून ओरडल्या. “घरटी एक खुर्ची द्यायचीय अंगणाला! आर्किटेक्टच्या घरची सुरुवात झाली पण!”

“कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? खुर्ची दिसत्येय ना!”

मावशींनी आपली घडीची खुर्ची ठेवली. ती बघून दुसऱ्या मजल्यावरच्यांनी गादीची ठेवली. गादीची बघून समोरच्या इमारतीतल्या डॉक्टरीणबाईंनी झुलती पाठवली. “आमच्या बाजूची शोभा राहायला नको?” असं म्हणत मागच्या इमारतीतल्या दोघा भावांनी चक्क सोफा उतरवला. तो जिन्याच्या वळणावर अडकला, तेव्हा रस्त्यावरची चार माणसं मदतीला आत आली, आणि सोफा टेकल्यावर साहजिकच त्यावर बसून बघू लागली. बसस्टॉपवरची माणसं बसची वाट आतूनच बघू लागली. कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयातली वीज गेली, तसा मालक गिऱ्हाईकाला गालांवरच्या फेसासकट उजेडात घेऊन आला.

सून टेंपो वळवून परतली, तेव्हा दुपार कलली होती. अंगणात खुर्च्यांचं संमेलन भरलं होतं आणि अध्यक्षपदावरून भांडण चाललं होतं.

“ती सावली आमच्या खुर्चीची आहे. सकाळपासून!”

“सावली सरकली, त्याला आम्ही काय करणार? तुम्हीपण सरका!”

“फेस वाळतोय हो माझा!”

जिन्याच्या तोंडाशी सेक्रेटरीकाका आपली लाकडी खुर्ची पहाऱ्यासारखी मांडून, पायावर पाय टाकून बसले होते. एखाद्याच्या घरी जेवण आपल्याच आवडीचं निघावं, तसा त्यांचा चेहरा होता.

“या, या, सूनबाई! झालं का समाधान? बाजार मांडलाय नुसता. आणि हे तर काहीच नाही. संध्याकाळ व्हायचीय अजून.”

“काका, या खुर्च्या आणायला मी सांगितलं नव्हतं!”

“पण आणायला शिकवलं तर तूच!”

ती इकडे “जरा हळू बोला ना” म्हणून विनवी, तिकडे कुणाचा तरी पाय कुणाच्या तरी पायावर पडे. या गडबडीत सूर्य इमारतीच्या मागे गेला आणि तिला एकदम आठवलं. खुर्ची! दिवेलागण!

ती झाडाकडे धावली. वेताच्या खुर्चीवर रस्त्यापलीकडचा बेकरीवाला पसरला होता. भल्या पहाटे भट्टी पेटवणारा माणूस. मान एका खांद्यावर, कोपरांवर पिठाचे डाग, आणि झोप अशी की त्याला खुर्चीसकट उचलून नेलं असतं तरी कळलं नसतं.

“अहो दादा, उठता का जरा?”

बेकरीवाल्यानं उत्तरादाखल एक लांब श्वास सोडला. तिनं त्याच्या खांद्याला हात लावायला आणि सासूबाई जिना उतरायला एकच गाठ पडली. हातात माळ. म्हणजे बोलणं संपलेलं.

“आई, चुकलं माझं. आत्ता उठवते यांना, आणि वर नेऊन...”

सासूबाईंनी झोपलेल्या माणसाकडे बघितलं. मग हाताचा पंजा हलकेच खाली दाबला: राहू दे, झोपू दे. त्यांनी अंगणभर नजर फिरवली. एकूण एक जागा भरलेली. फक्त सेक्रेटरीकाका त्या क्षणी “कुणाची ही कटकट?” म्हणत भांडण बघायला उभे राहिले होते. सासूबाई शांतपणे त्यांच्या लाकडी खुर्चीवर जाऊन टेकल्या, डोळे मिटले आणि पहिला मणी पुढे सरकवला.

“अहो वहिनी, ती माझी...” काकांचा हात वर गेला तो तसाच राहिला. सासूबाईंना जपाच्या मध्ये टोकायची छाती आजवर चार इमारतींत कुणाची झाली नव्हती.

“शू!” मावशींनी ओठावर बोट ठेवलं. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी सोफ्यावरच्यांना खूण केली, सोफ्यावरच्यांनी बसस्टॉपवाल्यांना. झुलती खुर्ची झुलायची थांबली. केशकर्तनालयवाल्यानं वस्तरा मिटला. बाहेरच्यांना नेम माहीत नव्हता, पण वयस्कर बाई डोळे मिटून बसल्यावर गप्प राहावं, एवढं कुणालाही कळतं. पानं हलली तेवढी ऐकू आली.

आणि फाटकातून पालिकेच्या बाई आल्या.

त्यांनी भरगच्च अंगण बघितलं. कपाळाला आठी घालून यंत्र काढलं. यंत्राकडे बघितलं, त्याला एक टपली मारली, कानाशी धरलं. “बिघडलं की काय?” त्या कुजबुजल्या. काटा थोडासाच हलत होता. तोही बेकरीवाल्याच्या घोरण्याबरोबर.

काकांचा जीव मात्र कासावीस झाला. पहिल्यांदा त्यांनी नुसत्या खुणा केल्या. मग हातवारे केले. शेवटी राहवलं नाही तेव्हा ते कडाडले,

“अहो, फसताय काय! हे खरं नाही! आत्ता इथे नुसता कल्लोळ होता, कल्लोळ!”

काटा उडून पार दुसऱ्या टोकाला गेला. यंत्रानं पिपाणीसारखा आवाज काढला. बेकरीवाला कूस बदलून पुन्हा झोपला. चारही इमारती काकांकडे बघत राहिल्या.

“आजचा सगळ्यात मोठा आवाज नोंदवला गेलाय,” पालिकेच्या बाई हळूच म्हणाल्या. “आपलं नाव काय?”

“तो... तो धरायचा नाही!”

“नको धरू?”

काकांनी एकदा फाटकाकडे बघितलं, एकदा यंत्राकडे. आपलं नाव गोंगाट करणाऱ्यांत जाणार, हे काही त्यांच्या पचनी पडेना. “नका धरू,” ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

“मग अंगण शांत आहे. बाक बसवायला हरकत नाही.” बाईंनी सुनेकडे बघून मान डोलावली. सुनेचे डोळे भरून आले, पण नाक ओढलं तर काटा हलेल म्हणून ती तशीच उभी राहिली.

माळ पूर्ण झाली. सासूबाईंनी ती डोळ्यांना लावली, डोळे उघडले, आणि आधी कंबर चाचपली.

“सेक्रेटरी, तुमची खुर्ची फार टणक आहे हो.”

अंगणात हसू फुटलं. यंत्र तोवर पिशवीत गेलं होतं.

“आई, मी शब्द मोडला,” सून म्हणाली. “खुर्ची वेळेत आणली नाही.”

“देवाला चाललं. तुझं काय अडलंय?” सासूबाई जिन्याकडे वळल्या. जाताजाता म्हणाल्या, “बाक मात्र आमच्या खुर्चीच्या उंचीचे कर. आणि सेक्रेटरी, उद्या सकाळी किती वाजता उघडताय फाटक?”

काका खिशातली किल्ली चाचपत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून चहाचं आधण ठेवून खिडकीशी उभी होती. वेताची खुर्ची वर आली होती. बेकरीवाल्यानं ती पुसून, वर एक गरम पाव ठेवून दाराशी पोचवली होती. खाली जिन्याच्या तोंडाशी सेक्रेटरीकाका दिसले. त्यांनी वर बघितलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. कुणी नाही असं वाटल्यावर काखेतली उशी आपल्या लाकडी खुर्चीवर ठेवली आणि वरून थोपटून सारखी केली. मग एका हातात किल्ली आणि दुसऱ्या हातात बिजागऱ्यांसाठी तेलाची कुपी घेऊन, पाऊल न वाजवता ते फाटकाकडे निघाले.