लता काकूंचं मेतकूट आणि माझी फीडबॅक सिस्टीम

मराठी माणसाला धंदा जमत नाही, हा आरोप मी आजवर एकाच कारणाने सहन केला. मी कधी धंदा केलेला नव्हता. आताही तो मी केला नाही. मी मार्गदर्शन केलं, आणि ते भोगलं शेजारच्यांनी.

शेजारी म्हणजे रोडेल आणि मारिसेल, नवराबायको. दोघं मूळचे फिलिपिन्सचे. मारिसेल हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, आणि दर शनिवारी तिची रात्रपाळी. रविवारी सकाळी ती तशीच चर्चमध्ये जाते आणि उभ्या उभ्या झोपते. एकदा सगळे 'आमेन' म्हणाले तेव्हा ही दचकून म्हणाली, "दुखतंय कुठे?"

"कुया विनय," ती मला एकदा कुंपणावरून म्हणाली. कुया म्हणजे त्यांच्यात दादा. आमचं बोलणं इंग्रजीत चालतं, सोयीसाठी मराठीत सांगतो. "जोडधंद्याचं काहीतरी सुचवा. थोडं जमलं तर ही शनिवारची पाळी सोडीन म्हणते."

आता हे तिने कुणाला विचारावं? अमेरिकेतल्या या नोव्हाय गावात सीटबेल्टची बकलं बनवणाऱ्या कंपनीत मी अठरा वर्षं क्वालिटी बघतोय. माझ्या सहीशिवाय या गावात बकल लागत नाही.

"पोल्वोरोन विका," मी म्हणालो.

पोल्वोरोन ती ख्रिसमसला आम्हाला देते. मैदा खमंग भाजायचा, त्यात दुधाची पावडर, साखर, लोणी, आणि साच्यात दाबून वड्या पाडायच्या. एक तोंडात टाकली की दोन मिनिटं माणूस बोलू शकत नाही. आमच्या घरी याचं विशेष कौतुक आहे.

"ग्राहक आमची मराठी मंडळी," मी म्हणालो. "आणि पॅकिंग स्टीलच्या डब्यात. डबा परत करायला गिऱ्हाईक येणार, आलं की पुन्हा ऑर्डर देणार. शिवाय फीडबॅक. ग्राहक तोंडाने खोटं बोलतो, मारिसेल. परत आलेला माल खोटं बोलत नाही. डब्यातून काय परत येतं ते नीट बघत जा. त्यात सगळं असतं."

तिने हे वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं लिहून घेणारी ती पहिलीच व्यक्ती. माझी बायको गिरिजा लिहून घेत नाही. ती लक्षात ठेवते, ते वेगळं.

पहिल्या आठवड्यात बारा डबे गेले. शनिवारी मी एका महत्त्वाच्या कॉलवर असताना मारिसेलचा फोन आला.

"कुया, डबे परत आले. पाच जणांचं म्हणणं आहे, साखर."

"मग वाढवा," मी म्हणालो. "पाच म्हणजे ट्रेंड आहे."

पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, "शेंगदाणे. सहा जण."

"घाला."

"एकाने तर साबुदाणा म्हटलंय."

"एकाचं मनावर घ्यायचं नाही."

तिसऱ्या आठवड्यात तिचा आवाज जरा दबलेला होता. "कुया, एक पिवळी पावडर आहे. वास भाजलेल्या डाळीचा, मधूनच हिंगाचा. फक्त एकाच गिऱ्हाइकाची आहे."

"कोणाची?"

"लता काकू."

मी त्या दिवशीही ऑफिसच्या कॉलवर होतो, तो म्यूट केला. लता काकू म्हणजे आमच्या मंडळाच्या दिवाळीच्या फराळाच्या सर्वेसर्वा. त्यांनी मान डोलावली तर तीनशे माणसांची ऑर्डर. रविवारी त्या आमच्याकडे चव बघायला येणार होत्या, आणि सोमवारी मारिसेलला हॉस्पिटलमध्ये नव्या वेळापत्रकाचा फॉर्म द्यायचा होता. शनिवार ठेवायचा की सोडायचा, ते त्यात भरायचं होतं.

"काकूंनी सुचवलंय ना?" मी म्हणालो. "मग सढळ हाताने घाला."

रविवारी काकू आल्या. मारिसेल चर्चमधून थेट आली, डोळे लाल, पर्समधून फॉर्मचा कोपरा बाहेर. रोडेल तिच्या शेजारी अंग चोरून बसला. तो तसाही मोजकंच बोलतो. डबा उघडला. वड्यांना हळदीच्या कार्यक्रमाची कळा आली होती.

काकूंनी एक तोंडात टाकली. दोन मिनिटं शांतता होती, पण पोल्वोरोनला ती असतेच, म्हणून मी निर्धास्त होतो. तिसरं मिनिटही गेलं तेव्हा गिरिजाने पाणी आणलं.

"यात," काकू शेवटी म्हणाल्या, "मेतकूट आहे?"

"तुम्हीच पाठवलंत ना," मारिसेल अभिमानाने म्हणाली.

"अगं, ते मी डब्यात घातलं होतं. डबा रिकामा कसा परत करायचा?"

"का? रिकामा परत केला तर काय होतं?" मारिसेलने विचारलं.

काकूंना हा प्रश्न सत्तर वर्षांत कुणी विचारला नव्हता. "करत नाहीत," त्या म्हणाल्या. "घरात काही नसलं तर निदान चिमूटभर साखर घालायची."

मारिसेलने वही उघडली. साखर, पाच. शेंगदाणे, सहा. तिने ती पानं बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

"विनय," गिरिजा म्हणाली, "तू हिला सांगितलं नव्हतंस?"

"मला डबे कुणी दाखवलेच नाहीत. मला फक्त डेटा मिळत होता."

"सहा घरांतून शेंगदाणे आले. सगळी आपलीच माणसं. तुला काहीच वाटलं नाही?"

"मला वाटलं, मार्केट मॅच्युअर होतंय."

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. "आधीच्या वड्या सुरेख होत्या हो. पण दिवाळीत तीनशे माणसांसमोर रिस्क नको, यार." अमेरिकेत राहून काकू यार म्हणतात. त्या यार म्हणाल्या की विषय संपतो.

मारिसेलने पर्समधला फॉर्म आत ढकलला आणि चेन लावली. ते मला बघवेना, म्हणून मी एक वडी तोंडात टाकली. तो निर्णयही चुकला.

तेव्हा रोडेलने घसा खाकरला. "डब्यांतून तो पोह्यांचा तिखट प्रकार येतो ना? उरलेला मी चर्चमध्ये नेला. दहा मिनिटांत संपला. आज पुन्हा विचारत होते, विकत कुठे मिळतो."

"चिवडा? कुणाच्या हातचा?" काकूंनी विचारलं.

"माझा," गिरिजा म्हणाली. "आपल्या घरी आलेल्या प्रत्येक डब्यात मीच घालायचे. मारिसेल तो डबा वड्या भरून परत द्यायची, म्हणून मी पुन्हा घालायचे. महिनाभर हेच चाललंय, थांबायचं कसं ते दोघींना कळेना."

काकूंनी पिवळ्या वड्यांचा डबा बाजूला सारला. "चर्चला चिवडा तू कर, गिरिजा. मंडळाला वड्या हिच्या, पहिल्यासारख्या. एकाच अटीवर." त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्याकडे बोट केलं. "यांना विचारायचं नाही."

अट एकमताने मान्य झाली. रोडेलनेही हात वर केला. त्याला मत आहे हे मला तेव्हाच कळलं.

मारिसेलने सोमवारी फॉर्म दिला. दर शनिवारी रात्री ती आता नऊ वाजता झोपते. दिवाळीनंतरही ऑर्डरी थांबल्या नाहीत, आणि दर रविवारी आमच्या सिंकमध्ये वड्यांचे आणि चिवड्याचे मिळून एकशे दहा डबे असतात. डिशवॉशरमध्ये स्टीलवर डाग राहतात, म्हणून ते मला हाताने घासावे लागतात. डबे स्टीलचेच घ्यायचे, हा आग्रह माझा होता.