मामांचा शेमला आणि बटणाची काच

गाडी बिघडली की लोक बॉनेट उघडतात. मला त्याची गरज पडत नाही! गाडी नुसती खोकली तरी तिच्या पोटात काय दुखतंय ते मी लांबून सांगतो. पलटणीत असताना घाटात बंद पडलेला ट्रक मी एकट्यानं खाली आणला, तेव्हा साहेबानं माझी पाठ थोपटली होती. (रस्ता उताराचा होता, हे साहेबाला कुणी सांगितलं नाही.)

म्हणूनच चौऱ्याहत्तरच्या वैशाखात पुतणीच्या, विजयमालाच्या लग्नात गाडीचं काम माझ्याकडं आलं. आणि ते काम साधं नव्हतं! नवऱ्याचे मामा आणायचे होते. लोणंदचे नाथाजीमामा म्हणजे रुसण्यातले पैलवान! आंघोळीचं पाणी कोमट निघालं म्हणून त्यांनी एक लग्न दुपारपर्यंत अडवून धरलं होतं. सुपारीला आम्ही त्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणलं, तर जेवताना ते भिंतीकडं तोंड करून बसले.

"दादा, ह्या येळंला मामास्नी मोठ्या गाडीतनं आणायचं," माझा भाऊ लालासाहेब म्हणाला. "मामा पाठीशी हुबा ऱ्हायल्याबिगर नवरा बोहल्यावर चढायचा न्हाई. ते रुसले तर पोरीचं लगीन मोडंल!"

सांगलीच्या धन्यकुमार शेटजींचा हळदीचा ट्रक मी चालवायचो. त्यांच्याकडं कुठल्याशा संस्थानिकानं विकलेली जुनी परदेशी गाडी होती, होडीएवढी लांब. तिच्या काचा बटण दाबून खालीवर व्हायच्या!

"न्या की," शेटजी म्हणाले. "पण मागची डावी काच अडकलीया. मुंबईचा मिस्त्री येईस्तोवर तिला हात लावू नका."

"मुंबईचा कशाला? मी काय मेलोय व्हय?"

मी दाराचा आतला पुठ्ठा उचकटला. फ्यूज शाबूत. बटण दाबलं की दारातली बारकी मोटर गुरगुरायची, पण काच हलेना. मग सापडलं! काचेच्या खाचेत हळद साचून तिचा दगड झाला होता. शेटजींनी या राजेशाही गाडीतून पोतीसुद्धा नेली होती! हळद खरवडली, गोडेतेल सोडलं, मोटरच्या दोन वायरी सोडवून घासल्या आणि परत पिळल्या. टेप नव्हती, म्हणून धोतराची चिंधी बांधली. बटण दाबलं आणि काच सर्रकन पळाली! फक्त वायरींची अदलाबदल झाली होती. वरचं बटण दाबलं की काच खाली, खालचं दाबलं की वर. म्हटलं, ध्यानात ठेवलं की झालं.

कराड स्टेशनावर मामांना मानाचा फेटा बांधला आणि गाडीत मागं, डाव्या काचेशी बसवलं. स्वारी खूश! मांडव दिसताच त्यांनी अर्ध्या उघड्या काचेतून डोकं बाहेर काढलं. फेट्याचा शेमला वाऱ्यावर फडफडायला लागला. बँड सुरू झाला.

"काच पुरी खाली घ्या," मामा म्हणाले. "मानसं बघत्याती!"

मी खालचं बटण दाबलं.

काच वर गेली! मामांनी डोकं आत ओढलं म्हणून मान वाचली. शेमला मात्र काचेत पाचरीसारखा बसला. दारातून फस्स असा आवाज आला आणि सगळं थंड! मांडवाशी गाडी थांबवून मी दोन्ही बटणं दाबली, दारावर बुक्की मारली, देवाचं नाव घेतलं. काही नाही. मामा हलले, तर फेटा कानावर आला.

"मामा, फेटा काढून उतरा."

"व्याह्याच्या दारात बोडक्यानं उतरू?"

"मग शेमला कापतो."

"मानाचा फेटा? भर लग्नात? जीभ झडंल तुजी!"

"मग लोकास्नी काय सांगू?"

मामांनी विचार केला आणि कुजबुजले, "सांग, रुसलोय!"

मी गाडीवरचा झेंडूचा हार ओढून बाहेरच्या शेमल्यावर टाकला आणि मामा रुसल्याचं जाहीर केलं. लालासाहेबाचा चेहराच उतरला. नवऱ्याची आई, शालूबाई, कमरेवर हात ठेवून आली. "माझा भाऊ उतरल्याबिगर अक्षता पडायच्या न्हाईत!"

दुरुस्तीसाठी दार उघडणं भाग होतं. उघडलं, तर दाव्याच्या वासरासारखं मामांचं डोकं दाराबरोबर बाहेर आलं!

"उतरले! उतरले!" लोक ओरडले. बँड सुरू!

"लाव दार!" मामा फिसकारले. मी दार लावलं. बँड बंद!

असं तीनदा झालं. सनईवाल्याला धाप लागली.

"दादा, हातात पाना कशाला?" लालासाहेबानं विचारलं.

"मामा लय घट्ट रुसलेत!"

त्यानं पुढच्या उघड्या काचेतून हात जोडले. "मामा, ट्रॉलीचं इसरा. आदल्या दिशी तिच्यात शेणखत हुतं, पर आमी धुतली हुती!"

"शेणखत?" मामांना हे नवीनच होतं.

माझी बायको हरणाबाई पुढं झाली. "आन् सुपारीला तुमास्नी दिलेला टावेल आमालाच आहेरात आलेला हुता, म्हून रागावला असाल. पर नुसता दोनदाच वापरला हुता!"

मामा लाल झाले. माझ्या कानात म्हणाले, "आता मी खरंच रुसलो!"

भटजी घड्याळ दाखवायला लागले. मांडवाच्या कडेला विजयमाला मुंडावळ्या धरून उभी होती. तिचे डोळे भरलेले पाहिले आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "मामा मांडवात येत न्हाईत, तर लगीन मामांकडं न्या!"

शालूबाईचा चेहरा उजळला. असा मान तिच्या माहेरात कुणाला मिळाला नव्हता! उघड्या दारात नवरा पाठमोरा उभा केला. आत तिरक्या मानेचे मामा, हात नवऱ्याच्या पाठीवर. समोर अंतरपाट, पलीकडं विजयमाला. आणि नवऱ्याच्या पायांशी, दाराच्या पोटात डोकं घालून मी!

मंगलाष्टकं सुरू झाली. मी मोटर चाचपली, चांगली होती. माझीच चिंधी सुटून वायर निघाली होती! इकडं शेवटचं "सावधान" झालं, डोक्यावर अक्षता पडल्या, तिकडं मी वायर पिळली आणि पाठीमागं हात घालून मामांच्या बाजूचं वरचं बटण दाबलं. काच सर्रकन खाली. शेमला मोकळा. कुणालाच कळलं नाही!

"मामा, सुटलात! उतरा आता!"

मामांनी फेटा सरळ केला. नवरा-नवरी वाकून पाया पडत होते. शालूबाई पदरानं वारा घालत होती. लालासाहेबाचे हात अजून जोडलेलेच होते. मामांनी मांडीवर मांडी टाकली.

"आता कशाला उतरू? माझं ताट हितंच आणा!"

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. नवऱ्याचे चुलते केरबा, इतका वेळ मांडवात गप बसलेला साधा माणूस, सीटवर ऐसपैस बसले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

"दादा," ते म्हणाले, "आमी बी रुसलोय. ह्या बाजूची काच कशी वर हुतीया?"

मी तोंडाचं तेल पुसलं आणि दोन ताटं आणायला गेलो.