भट्टी कर्नलमध्ये जाईपर्यंत

फिनलंडमधल्या तांपेरेच्या उर्हो केत्तुनेनला साधं काही जमतच नाही. अंगणातल्या सौनाच्या, म्हणजे वाफ घ्यायच्या खोलीच्या, भट्टीचं बटण बिघडलं, तर माणूस नवं बटण आणेल. यानं भट्टीला कंप्युटर जोडला, तिला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, स्वतः लिहिला आणि बायकोला, तूलिक्कीला, बजावलं, "हा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, रीतसर दाखल होईपर्यंत भट्टी पेटणार नाही. आपल्या घरात कच्चं काम चालत नाही!" (याच घरातला नळ लग्नापासून गळतोय.)

हे उन्हाळ्यातलं. कर्नलचा तो कोपरा सांभाळणारा हॉलंडचा गृहस्थ मेलवर म्हणाला, प्रोग्रॅमच्या ओळींआधीची मोकळी जागा चुकलीय. सुधारली. मग म्हणे, ड्रायव्हरचे दोन तुकडे करा. केले. दुसराच कुणी उगवला, दोन कशाला? पुन्हा एक केला. मग म्हणे, भट्टी ठरल्या वेळी आपोआप बंद व्हावी आणि सकाळपर्यंत पुन्हा पेटू नये. तेही केलं. उर्हो पार पिचून गेला. दर शनिवारी तूलिक्की टॉवेल घेऊन शेजाऱ्यांच्या सौनात, आणि हा शॉवरखाली.

नाताळला सासूबाई आल्या. गुडघे धरलेले, सौनाची वर्षभर वाट पाहिलेली.

"जावईबापू, भट्टी गार का?"

"एकच अडलंय, सासूबाई. लिहिणाऱ्याखेरीज कुणीतरी तपासून आपल्या नावानं कळवायला हवं. पण अशी भट्टी दुसऱ्या कुणाकडे आहे?" उर्होला रडूच यायचं बाकी होतं.

"मी तपासते की," तूलिक्की म्हणाली. "आई, टॉवेल घे."

भट्टी पेटली. दगड तापले, पाणी चुर्र झालं, आतून सासूबाईंचा "आहाहा!" आला. उर्हो टॉवेल गुंडाळून बर्फातून धावला. आतून कडी.

"अगं, उघड ना!"

"लिहिणाऱ्याखेरीज, असं तूच म्हणालास ना?"

"गारठलोय गं मी!"

"घाईची तपासणी चालत नाही रे."

अखेर तूलिक्की लालबुंद होऊन आईसह बाहेर आली आणि फोनवरूनच मेल केली, 'तपासलं. झकास.' हॉलंडचं उत्तर लगेच आलं. ड्रायव्हर स्वीकारला! उर्होचे डोळे भरून आले.

"जा आता, बस आत," ती म्हणाली.

"आधी आभार मानतो." त्या मंडळींना मेलसुद्धा साध्या अक्षरांत, मापाच्या ओळींत लागते. उर्होनं ती लिहिली, खोडली, पुन्हा मापली. सौनात पोचला तेव्हा दगड कोमट होते. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.

"काय झालं, जावईबापू?" सासूबाईंनी घराच्या खिडकीतून विचारलं.

"बंद झाली. सकाळपर्यंत पेटणार नाही."

"म्हणजे चालतोय की तुमचा ड्रायव्हर!"

तूलिक्कीनं फोन काढला. "थांब, हेही तपासलं म्हणून कळवते."